वाचकांचे प्रश्न : कमेंटमधले उदाहरण

लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) लिहिणाऱ्याने कोडमधील कमेंटमध्ये, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपांमध्ये, वापराची उदाहरणे द्यावीत का, दिल्यास ती कशी सांभाळावीत, या एकाच विषयावर आलेली सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मराठीत बिले छापणाऱ्या आमच्या प्रणालीसाठी मी पायथनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली असून तिच्यातील प्रत्येक फंक्शनला (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) वापराचे उदाहरण जोडले आहे. आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की कमेंटमध्ये ‘का’ लिहावे, ‘कसे वापरावे’ हे मॅन्युअलमध्ये लिहावे. उदाहरणांमुळे फाइल उगाच लांबते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्या वरिष्ठांचा नियम चांगला आहे, तो फक्त भलत्या कमेंटला लावला जात आहे. कोडमध्ये दोन तऱ्हेच्या कमेंट असतात. फंक्शनच्या पोटात, ओळींच्या मध्ये लिहिलेली कमेंट ही उद्या त्याच फंक्शनची दुरुस्ती करायला बसणाऱ्यासाठी असते. कोड त्याच्यासमोर उघडाच असल्यामुळे ‘येथे एक मिळवला’ हे त्याला सांगावे लागत नाही, ‘का मिळवला’ हे सांगावे लागते. फंक्शनच्या माथ्यावरची कमेंट (पायथनमध्ये ती नावाच्या लगेच खाली येते आणि तिला डॉकस्ट्रिंग म्हणतात) मात्र ते फंक्शन बाहेरून वापरणाऱ्यासाठी असते. त्याच्यावर आत डोकावण्याची वेळ येऊ नये, हाच तर लायब्ररी लिहिण्याचा हेतू. काय दिले की काय परत मिळते, एवढेच त्याला हवे असते.

आपण पत्रासोबत पाठवलेल्या कोडमधील ‘स्वल्पविराम’ हे फंक्शन घेऊ. ‘दिलेल्या रकमेत भारतीय पद्धतीने स्वल्पविराम घालून ती परत देते’ असे त्याचे वर्णन आपण केले आहे. वाक्यात चूक काहीच नाही. तरीही ते वाचल्यावर बिलाची मांडणी करणाऱ्या सहकाऱ्याच्या मनात निदान चार शंका उरतात : रक्कम आकडा म्हणून द्यायची की मजकूर म्हणून, पैशांचे काय होते, परताव्याची ऋण रक्कम चालते का, आणि हजाराच्या आतली रक्कम दिली तर काय होते. आता त्याच वर्णनाखाली आपणच दिलेले उदाहरण पाहा.

>>> स्वल्पविराम('१२३४५६७')
'१२,३४,५६७'
>>> स्वल्पविराम('९९९')
'९९९'
>>> स्वल्पविराम('१२३४५६७.५')
'१२,३४,५६७.५०'
>>> स्वल्पविराम('-१०००००')
'-१,००,०००'

या आठ ओळींत चारही शंका फिटतात. अवतरणचिन्हांवरून कळते की मजकूर द्यायचा आहे आणि मजकूरच परत येतो. तिसरी जोडी तर वर्णनात कुठेच नसलेली गोष्ट सांगते : पैसे दिले असतील तर ते दोन स्थळांपर्यंत भरून मिळतात, आणि पहिल्या जोडीशी ताडून पाहिले तर हेही दिसते की मुळात पैसे दिलेच नसतील तर शून्ये जोडली जात नाहीत. हे सारे वाक्यांत लिहायचे तर परिच्छेद होईल, आणि कामाच्या गडबडीत तो परिच्छेद कोणी वाचणार नाही.

ही सवय नवी नाही. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या मॅन्युअलच्या पानांवर उदाहरणांचा स्वतंत्र भाग देण्याचा प्रघात जुना आहे. पर्ल भाषेत तर लायब्ररीचे दस्तऐवजीकरण कोडच्याच फाइलमध्ये लिहिण्याची सोय असून, तेथील रीत अशी की आधी नाव, मग ‘सिनॉप्सिस’ म्हणजे वापराचा नमुना, आणि वर्णन त्यानंतर. वापरणारा बहुधा तो नमुना उतरवून घेतो आणि अडले तरच खाली सरकतो, हे ओळखूनच हा क्रम आलेला दिसतो. शिवाय आजच्या एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावर माउस नेला की माथ्यावरची कमेंट तेथल्या तेथे दिसते. मॅन्युअल मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि ते तेथे आहे हेच अर्ध्या लोकांना ठाऊक नसते.

लांबीची तक्रार मात्र पूर्णपणे निराधार नाही. ‘प्रत्येक’ फंक्शनला उदाहरण हवे, हा आपला आग्रह सोडावा. यादीत किती नोंदी आहेत हे सांगणाऱ्या फंक्शनला आपण तीन उदाहरणे दिली आहेत. तेथे एकही नसते तरी कोणाचे अडले नसते. माझ्या मते आपण दिलेल्या उदाहरणांपैकी निम्मी काढता येतील. ती काढली की ‘स्वल्पविराम’सारखी कामाची उदाहरणे अधिक उठून दिसतील आणि वरिष्ठांचीही तक्रार उरणार नाही.

प्रश्न : आमच्या लायब्ररीतील उदाहरणे दोन वर्षांपूर्वी लिहिलेली आहेत. त्यांतील बरीचशी आता चालत नाहीत. चुकीची उदाहरणे ठेवण्यापेक्षा सगळीच काढून टाकावीत, असा विचार आहे. आपले मत काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काढू नका; चालवून पाहा.

चुकीच्या उदाहरणाने काय होते, हे मी स्वतः भोगले आहे, आणि चूक माझीच होती. व्याज काढणाऱ्या एका फंक्शनमध्ये मी मुदत सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख यांचा क्रम बदलला, ते फंक्शन जेथे जेथे वापरले होते तेथे दुरुस्ती केली, आणि माथ्यावरचे उदाहरण तसेच राहू दिले. दोन्ही तारखाच असल्यामुळे उलटा क्रम देणाऱ्याला संगणकाने अडवले नाही. नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने ते उदाहरण जसेच्या तसे उतरवून घेतले आणि त्याच्या अहवालात व्याज ऋण आले. दोन दिवस तो बिचारा स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत राहिला. वर्णन चुकले तर वाचणारा निदान गोंधळतो आणि कोणाला तरी विचारतो. उदाहरण मात्र विश्वासाने उचलले जाते.

यावरचा उपाय बहुतेक भाषांत तयार आहे. पायथनमध्ये टिम पीटर्स यांचे ‘डॉकटेस्ट’ हे मॉड्यूल २००१ मध्ये आलेल्या २.१ या आवृत्तीपासून भाषेसोबतच मिळते. वर दाखवलेली तीन बाणांची खूण ही पायथनच्या संवादी खिडकीची खूण आहे. डॉकटेस्ट कमेंटमध्ये ती खूण शोधते, तिच्यापुढील ओळ खरोखर चालवते आणि जे छापले जाईल ते खालच्या ओळीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहते. फरक पडला तर अपेक्षित काय होते आणि मिळाले काय, हे एकाखाली एक छापून दाखवते. म्हणजे आपण खिडकीत एकदा करून पाहिलेला प्रयोग कमेंटमध्ये चिकटवला की तीच चाचणी झाली.

रस्ट या भाषेने याही पुढे जाऊन हा मार्गच मुख्य केला. तेथे तीन तिरप्या रेघांच्या कमेंटमध्ये लिहिलेले उदाहरण, लायब्ररीच्या नेहमीच्या चाचण्या चालवणाऱ्या ‘कार्गो टेस्ट’ या एकाच आज्ञेने चालते. वेगळे काही करावे लागत नाही. तेथील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो : हे उदाहरण लायब्ररीच्या बाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून कंपाइल होते (यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलले जाते), त्यामुळे आतल्या खासगी गोष्टींना ते हात लावू शकत नाही. वापरणाऱ्याला जे दार उघडे आहे, तेवढेच उदाहरणालाही. एखादे फंक्शन सार्वजनिक करायचे राहून गेले असेल, तर ते प्रथम येथेच उघडकीस येते. तयारीच्या कंटाळवाण्या ओळींच्या आधी हॅश चिन्ह (#) लिहिले की त्या चालतात, पण छापील पानावर दिसत नाहीत. प्रत्येक उदाहरण वेगळे कंपाइल झाल्यामुळे मोठ्या लायब्ररीत वेळ फार जाई; फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या भाषेच्या ‘२०२४’ या नावाच्या एडिशनमध्ये शक्य ती उदाहरणे एकत्र करून कंपाइल केली जातात, त्यामुळे ती तक्रार बरीच कमी झाली आहे.

गो भाषेने थोडी गंमत केली आहे. तेथे उदाहरण कमेंटमधून उचलून चाचणीच्या फाइलमध्ये स्वतंत्र फंक्शन म्हणून ठेवतात, आणि त्याचे अपेक्षित उत्तर मात्र ‘आउटपुट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या कमेंटमध्ये लिहितात. ती कमेंट नसेल तर उदाहरण फक्त कंपाइल होते, चालवले जात नाही. नवख्या माणसाला हे माहीत नसते आणि चाचणी पास झाली असे समजून तो निर्धास्त राहतो. आर भाषेत पॅकेज तपासण्याच्या नेहमीच्या आज्ञेतच दस्तऐवजातील उदाहरणेही चालवली जातात, आणि ‘क्रॅन’ या तेथील मध्यवर्ती भांडारात पॅकेज पाठवायचे तर या तपासणीतून जावेच लागते.

आता आपल्या न चालणाऱ्या उदाहरणांविषयी. एकेक मॉड्यूल घेऊन ती चालवा. पण एखादे फेल झाले की लगेच कमेंट सुधारायला बसू नका. दोन वर्षांपूर्वी ते चालत होते, याचा अर्थ तेव्हा तसेच लिहिणाऱ्या ग्राहकांचा कोडही त्यानंतर केव्हातरी मोडला असणार. आपण न कळवता केलेल्या बदलांची ती आयती यादी आहे. काही ठिकाणी उदाहरण बदलावे लागेल. काही ठिकाणी, मला वाटते, जुनी पद्धत परत चालू करावी लागेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे. प्रकल्पासाठी लिहिलेल्या लायब्ररीला डॉकटेस्ट लावले; पण काही उदाहरणे कधी पास होतात, कधी फेल, आणि काही माझ्या लॅपटॉपवर पास तर मित्राच्या लॅपटॉपवर फेल होतात. कोड तोच असताना असे का व्हावे?
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण पाठवलेल्या उदाहरणांपैकी एकात शब्दांचा ‘सेट’ छापला आहे. सेट या प्रकारच्या संग्रहाला क्रम नसतो. पायथनच्या ३.३ या आवृत्तीपासून मजकुराच्या हॅशमध्ये (मजकुरावरून काढल्या जाणाऱ्या सांकेतिक संख्येत) दर वेळी नवा यादृच्छिक अंश मिसळला जातो, त्यामुळे प्रोग्रॅम प्रत्येक वेळी नव्याने सुरू केला की तेच शब्द वेगळ्या क्रमाने छापले जाऊ शकतात. सेट थेट छापू नये. क्रमवारी लावलेली यादी छापावी, किंवा अपेक्षित सेटशी तुलना करून उत्तर खरे येते एवढेच दाखवावे.

दोन लॅपटॉपमधील फरकाचे कारण बहुधा नमपाय या गणिती लायब्ररीच्या आवृत्त्यांत आहे. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने एकट्या संख्येची छापण्याची रीत बदलली : पूर्वी नुसते ३.० छापले जाई, आता संख्येचा प्रकार लिहून पुढे कंसात ३.० छापले जाते. मूल्य तेच आहे, गणित तेच आहे, पण अक्षरन् अक्षर ताडणाऱ्या डॉकटेस्टच्या लेखी ही दोन वेगळी उत्तरे आहेत. दशांश संख्यांचे दुखणे वेगळेच. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ अशी छापते. ते शेपूट उदाहरणात ठेवले तर वाचणारा मूळ मुद्दा सोडून तेच पाहत बसतो. अशा ठिकाणी उत्तर दोन किंवा तीन स्थळांपर्यंत पूर्णांकित करून दाखवावे. अनावश्यक भागावर तीन टिंबे देऊन ‘येथे काहीही चालेल’ असे सांगण्याची सोय डॉकटेस्टमध्ये आहे, पण ती जपून वापरा. टिंबे फार झाली की चाचणी कशालाच हरकत घेत नाही.

मात्र आपले तिसरे उदाहरण, म्हणजे ‘नमस्ते’ या शब्दातील अक्षरे मोजणारे, मला फार आवडले. आपण उत्तर ४ लिहिले आहे आणि मित्राकडे ते ३ येते. दोघेही बरोबर आहात! हा शब्द यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत १८ बाइटांचा आहे आणि त्यात ६ कोडपॉइंट, म्हणजे युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक मानकाने क्रमांक दिलेली चिन्हे, आहेत : न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. अक्षरगट पाडताना युनिकोडचे जुने नियम हलन्तानंतर तोडत असत, म्हणून न, म, स्, ते असे चार गट होत. रस्टच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही या शब्दाचे हेच चार तुकडे दाखवलेले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर न तोडण्याचा नियम घातला, आणि ‘स्ते’ हा एकच गट झाला. मित्राच्या लॅपटॉपवर अक्षरगट पाडणारी लायब्ररी नवी आहे, एवढाच याचा अर्थ. हे उदाहरण काढू नका. उत्तर ३ करा, लायब्ररीची किमान आवृत्ती ठरवून टाका आणि उदाहरणावर एका ओळीत हे कारण लिहा. पुढे कोणी ती आवृत्ती मागे नेली तर हेच उदाहरण त्याला अडवील.

प्रश्न : उदाहरणे आपोआप तपासली जाणार असतील, तर वेगळ्या चाचण्या लिहिण्याची गरज काय? सगळ्या चाचण्या कमेंटमध्येच लिहिल्या तर एका कामात दोन कामे होतील.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कृपया असे करू नका. रिकामा मजकूर, दीड कोटी आकड्यांची यादी, फेब्रुवारीची २९ तारीख, या साऱ्यांची चाचणी हवीच; पण ती फंक्शनच्या माथ्यावर साठ ओळींत रचली की वापराची साधी रीत शोधणारा माणूस त्या गर्दीत हरवतो. उदाहरण वाचणाऱ्यासाठी लिहायचे आणि यंत्राने तपासायचे, हा क्रम उलटू नये. कडेची एखादी अवस्था वापरणाऱ्याला माहीत असणे आवश्यक असेल, जसे पहिल्या पत्रातील ऋण रक्कम, तर तिला कमेंटमध्ये जागा द्यावी. बाकीच्या चाचण्या त्यांच्या फाइलमध्ये असू द्याव्यात.

प्रश्न : आम्ही जावा वापरतो. जावाडॉकमध्ये (कमेंटमधून दस्तऐवज तयार करणाऱ्या साधनात) उदाहरण लिहिताना कोनी कंस आणि ‘अॅट’ चिन्ह यांचा फार त्रास होतो, आणि त्या उदाहरणांची तपासणीही होत नाही. काही मार्ग आहे का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपण जेडीके (जावाचा विकाससंच) १८ किंवा त्यानंतरची आवृत्ती वापरत असाल तर आहे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून जावाडॉकमध्ये ‘स्निपेट’ हा टॅग मिळतो. त्यात उदाहरण कमेंटमध्येच लिहिता येते, किंवा दुसऱ्या फाइलमधील खुणा केलेला भाग नावाने ओढून आणता येतो. दुसरा प्रकार घ्यावा. ती फाइल साधा जावा कोड असल्यामुळे चिन्हांची कटकट राहत नाही, आणि ती आपल्या चाचण्यांसोबत कंपाइल करून चालवता येते. जावाडॉक स्वतः मात्र उदाहरण चालवून पाहत नाही. ती जोडणी आपल्याला बिल्डमध्ये (प्रोग्रॅम तयार करण्याच्या प्रक्रियेत) करावी लागेल. सी आणि सी++ मध्ये काम करणाऱ्या वाचकांना डॉक्सिजन या तशाच साधनात याच नावाची आणि याच धर्तीची आज्ञा मिळेल.

प्रश्न : आमच्या लायब्ररीतील एका उदाहरणात मी सहज सुचलेला मोबाइल क्रमांक लिहिला होता. तो कोणाचा तरी खरा क्रमांक निघाला आणि उदाहरण उतरवून चालवणाऱ्यांचे चाचणी-संदेश त्या व्यक्तीला जाऊ लागले. उदाहरणात कोणती माहिती लिहावी? मराठी नावे आणि मजकूर वापरला तर चालेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : आपण तो क्रमांक तातडीने काढला, हे योग्यच केले. संकेतस्थळांच्या पत्त्यांसाठी हा प्रश्न कधीच सुटलेला आहे : जून १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने ‘एक्झाम्पल डॉट कॉम’सारखी काही नावे उदाहरणांसाठी राखून ठेवली. आयपी पत्त्यांसाठी १९२.०.२ ने सुरू होणारा गट, आणि असेच आणखी दोन गट, जानेवारी २०१० च्या आरएफसी ५७३७ मध्ये दस्तऐवजांसाठी म्हणून बाजूला काढलेले आहेत. मोबाइलसाठी, संदेश खरोखर पाठवणाऱ्या फंक्शनच्या उदाहरणात, चालूच शकणार नाही असा क्रमांक लिहावा. भारतातील मोबाइल क्रमांक ६ ते ९ पैकी एखाद्या अंकाने सुरू होतात, त्यामुळे ० ने सुरू होणारे दहा अंक कोणाच्याही खिशात वाजणार नाहीत. आधार क्रमांकही ० किंवा १ ने सुरू होत नाही, तेव्हा तेथेही हीच युक्ती चालते. असे उदाहरण आपोआप चालवले जाणार असेल तर त्यातून खरा संदेश बाहेर पडणार नाही, याचीही व्यवस्था हवी. रस्टमध्ये ‘कंपाइल करा, पण चालवू नका’ अशी खूण त्यासाठीच आहे.

मराठी मजकुराविषयी म्हणाल तर जरूर वापरा. पायथन ३ मध्ये फंक्शनचे नावही देवनागरीत ठेवता येते, हे पहिल्या पत्रातील कोडमध्ये दिसतेच. पण नाव कोणत्या लिपीत ठेवायचे ते लायब्ररी कोण वापरणार यावर ठरवावे. उदाहरणातील माहिती मात्र मराठी असण्याचा खरा फायदा आहे, कारण ‘अबक’ लिहून जे दोष कधी दिसत नाहीत ते आपल्या नावांत लगेच दिसतात. ‘कऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची प्रक्रिया) करूनही ते एक होत नाहीत. गावाच्या नावाने शोध घेणाऱ्या आपल्या फंक्शनला हे दोन्ही चालत असतील तर ते उदाहरणात दाखवाच; फक्त तेथे शब्द थेट टंकू नका, कोडपॉइंटचे क्रमांक लिहा, नाहीतर कमेंट वाचणाऱ्याला एकच शब्द दोनदा का लिहिला आहे ते कळणार नाही आणि एखादा नीटनेटका सहकारी त्यातला एक खोडून टाकील.